गाठीच्या फळ्या

खुर्च्यांच्या त्या कारखान्यात तीन करवती होत्या आणि प्रत्येक करवतीशेजारी एक लोखंडी पेटी. फळी कापून खुर्चीचे पाय, पाठीच्या पट्ट्या आणि बैठकीची लाकडं काढली की उरलेलं सगळं त्या पेटीत जायचं. इतकी वर्षं पेटी भरली की कुणीतरी ती नेऊन भट्टीत रिकामी करायचं, आणि तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. मग घड्याळवाला आला.

त्याचं खरं पद इतकं लांब होतं की दारावरच्या पाटीत मावलं नाही, पाटीवाल्याने शेवटचे दोन शब्द गाळले. गळ्यात घड्याळ, खिशात खडू, बगलेत वही. आवाज मऊ, आजाऱ्याला भेटायला आल्यासारखा. पाणी प्यायला कुणी उठलं की वहीत एक रेघ, पडलेली पट्टी उचलायला वाकलं की आणखी एक. शिंक आली तरी माणसं आधी त्याच्याकडे बघून घ्यायची. "गिऱ्हाईक ज्याचे पैसे देत नाही ते सगळं वाया," असं तो म्हणे, आणि म्हणताना ज्याच्याकडे बघे त्याला आपण स्वतःच वाया गेल्यासारखं वाटे.

त्याने पेट्या वजनकाट्यावर चढवल्या. रोज सुट्टीच्या वेळी तिन्ही पेट्यांचं वजन भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिलं जाऊ लागलं. पंधरा दिवसांनी त्याने त्याच मऊ आवाजात जाहीर केलं की तीन करवतींचं काम दोन करवतींवर भागतं. महिनाअखेरीला ज्याची पेटी सर्वांत जड, त्याला निरोप.

तक्त्यावर पहिल्या करवतीच्या गप्पीची पेटी होती बावीस किलो, दुसऱ्या करवतीच्या लांब्याची चोवीस, आणि तिसऱ्या करवतीच्या धाकट्याची एक्केचाळीस.

हा आकडा वाचून ज्याच्या मनात उकळ्या फुटल्या तो म्हणजे वखारीवरचा थोरला. थोरला आणि धाकटा हे भाऊ नव्हेत. भाऊ असते तर वाटणी करून मोकळे झाले असते. ते साडू होते, सख्ख्या बहिणींचे नवरे, आणि साडूपणाला वाटणी नसते. सासूच्या घरी जेवायला एका पंगतीला बसावंच लागतं.

वैर तसं जुनं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी थोरल्याने सासूबाईंसाठी स्वतःच्या हाताने खुर्ची केली होती. तेव्हा तो करवतीवर होता. खुर्ची डुगडुगली. नाचता येईना अंगण वाकडं, या न्यायाने तो म्हणाला, तुमची फरशीच उंचसखल आहे. त्या वेळी घरात नवा आलेला धाकटा जावई उठला, खुर्ची उलटी केली, एका पायाची नखभर कपची काढली आणि सुलटी ठेवली. खुर्ची गपगार. धाकटा काही बोलला नाही, हेच वाईट झालं. बोलला असता तर भांडता आलं असतं. सासूबाई मात्र पुढे वर्षानुवर्षं आल्यागेल्याला त्या खुर्चीवर बसवून सांगत राहिल्या, "ही थोरल्या जावयाने केली आणि धाकट्याने नीट केली."

पुढे थोरल्याला करवतीवरून काढून वखारीत बसवलं आणि त्याच्या जागी धाकटा आला. वखारीतलं काम म्हणजे गाडीतून उतरलेल्या फळ्या बघायच्या आणि कुठली कुणाकडे जाईल ते ठरवायचं. करवत जमली नाही तरी थोरल्याची नजर तेज होती. फळी नुसती उचलली की आत कुठे गाठ आहे, कुठे चीर धावणार आहे, ते त्याला कळे. जुना मिस्त्री नोकरी सोडताना त्याला एक नियम सांगून गेला होता: वाईट फळी चांगल्या हाताला. गाठीच्या फळीतून चार पाय काढायचे तर डोकं लागतं. सरळ फळीतून कुणीही काढतो.

थोरल्याला हा नियम देवाने पाठवल्यासारखा वाटला. बारा वर्षं त्याने कारखान्यातली प्रत्येक गाठाळ, वाकडी, तडकलेली फळी नियमाने धाकट्याकडे पाठवली. गप्पीला आणि लांब्याला लोण्यासारखी लाकडं, धाकट्याला वाळवंटातली हाडं. विचारलं असतं तर मिस्त्रीचा नियम तयार होता. पण धाकट्याने कधी विचारलंच नाही. उलट गाठीची फळी आली की तो ती उन्हाकडे धरून बघायचा, मान वाकडी करायचा आणि हसायचा. तेवढं एक थोरल्याला बारा वर्षांत कळलं नव्हतं.

आता मात्र त्या फळ्या फळाला आल्या. गाठी कापून टाकाव्याच लागतात, पेटी जड होणारच. महिना संपायला आठ दिवस होते. थोरला त्या दिवशी घरी जाताना शीळ घालत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा घड्याळवाल्यासमोर उभा राहिला. थोरला वखारीच्या दारात फळ्या लावत होता, कान तिकडेच.

"साहेब, पेटीचं वजन बघता, तसं पेटीत येण्याआधीचं लाकूडपण बघा," धाकटा म्हणाला. "मला येतात त्या फळ्या वेगळ्या असतात."

"वेगळ्या म्हणजे?"

"वाईट."

"आणि तुम्हालाच का येतात?"

"कारण मला जमतं," धाकटा म्हणाला.

गप्पी आपल्या करवतीवरून हसला. "घ्या. आमच्या हातांना काय मेंदी लावलीय?"

घड्याळवाल्याने वही मिटली आणि हळूहळू वखारीकडे मान वळवली. थोरल्याला वाटलं आपल्याला साक्षीला बोलावतील. नाही म्हणायचं एवढं त्याने ठरवूनही टाकलं होतं. पण प्रश्न भलताच आला.

"तुम्ही दिवसभर काय करता?"

"निवडतो," थोरला म्हणाला.

"काय?"

"फळ्या."

"आठ तास?"

थोरल्याने मान हलवली. घड्याळवाल्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसला, खोदताना हंडा लागलेल्या माणसाचा. "म्हणजे माणूस एक, पूर्ण पगार, आणि त्याने हात लावल्यावर फळी होती तशीच राहते." त्याने तिथल्या तिथे हुकूम दिला. सोमवारपासून शनिवारपर्यंत निवड बंद. गाडीतून येतील तशा फळ्या तिन्ही करवतींना सारख्या वाटायच्या. धाकट्याची पेटी तरीही जड राहिली तर धाकटा घरी. आणि तिन्ही पेट्यांची बेरीज वाढली नाही, तर निवडीची गरज नाही, थोरलाही घरी.

थोरल्याने पहिल्यांदा धाकट्याकडे थेट बघितलं. धाकट्याचंही तोंड पडलं होतं. त्याला साडूला बुडवायचं नव्हतं असं नाही, पण या खेपेला तरी ते त्याच्या मनात नव्हतं.

रविवार थोरल्याने आकडेमोडीत घालवला. अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखा तो एका जागी बसला होता. फळ्या करवतींपाशी नेणार तोच, तेव्हा मनात आणलं तर कोण काय ओळखणार? घड्याळवाल्याला गाठ म्हणजे फक्त दोरीची माहीत. प्रश्न एवढाच की वाईट फळ्या कुणाला द्यायच्या. धाकट्याला दिल्या तर धाकट्याची पेटी जड, धाकटा जाईल. झकास. पण मग बेरीज आजवर होती तेवढीच राहील, कारण वाईट फळीतून जास्तीत जास्त माल काढणारा हात तोच. बेरीज वाढली नाही की निवड नको, म्हणजे आपणही जाऊ. उलट गप्पी आणि लांब्याला दिल्या तर ते फळीचा भुगा करतील, बेरीज उड्या मारेल, आपली नोकरी टिकेल. पण धाकट्याची पेटी हलकी होईल आणि तोही टिकेल.

त्याने हे चारदा मांडून पाहिलं. दरवेळी तेच निघालं. स्वतः टिकायचं तर साडूला टिकवायचं. साडूला अपशकुन करायचा तर नाक स्वतःचं.

"काय पुटपुटताय?" बायकोने विचारलं. ती बहिणीकडून आली होती, डोळे लाल. "तिच्या घरी कालपासून कुणी धड बोलत नाहीये. तुमच्या हातात आहे ना काही?"

"माझ्या हातात फळ्या आहेत."

"मग त्या फळ्यांनी एकदा तरी माझ्या माहेरच्या माणसाचं भलं करा."

"तेच करावं लागतंय," थोरला म्हणाला, आणि एवढ्या कडू तोंडाने म्हणाला की बायकोने पुढे विचारलं नाही.

सोमवारी त्याने बारा वर्षांत न केलेलं काम केलं. गाडीतल्या सोन्यासारख्या फळ्या, सरळ रेषेच्या, एका रंगाच्या, उचलून तिसऱ्या करवतीपाशी रचल्या. रचताना हात जड झाला होता, पण रचल्या. गाठीच्या सगळ्या गप्पी आणि लांब्याकडे. मंगळवारी तसंच.

दोन्ही दिवस संध्याकाळी त्याने तक्ता दोनदा वाचला. गप्पी तेवीस, लांब्या तेवीस, धाकटा चाळीस. बेरीज होती तिथेच.

बुधवारी त्याने फळ्या पोचवल्या आणि वखारीत न जाता खांबाआड उभा राहिला. घड्याळवाला पॉलिशच्या खोलीत शिरला तसा धाकटा उठला, आपल्या ढिगातल्या चांगल्या फळ्या खांद्यावर घेतल्या, लांब्यापाशी टाकल्या आणि लांब्याच्या गाठाळ घेऊन आला. मग गप्पीकडे. गप्पी तर त्याला फळ्या उचलायला हात लावत होता. देणारा वेडा तर घेणारा का वेडा.

जेवणाच्या सुट्टीत थोरल्याने धाकट्याला वखारीच्या मागे गाठलं.

"अक्कल गहाण टाकलीस का रे?"

"आज तोंड उघडलंत साडूभाऊ," धाकटा म्हणाला. तो पाण्याची बाटली घेऊन भिंतीला टेकला होता. "बोला."

"मी रचून देतोय त्या फळ्या तू वाटत काय सुटलायस?"

"मी सारख्या फळ्या मागितल्या होत्या. भीक नव्हती मागितली."

"भीक?"

"नाहीतर काय? निवडून निवडून गोड फळ्या माझ्यापुढे. उद्या पेटी हलकी झाली की हा गप्पी गावभर सांगणार, साडूने तारला म्हणून. सासूबाईंच्या घरी तुम्ही पाटावर बसून ऐकणार. तुमच्या उपकारात राहण्यापेक्षा पेटी जड झालेली परवडली."

थोरला हसला. बऱ्याच वर्षांनी तो या माणसासमोर हसत होता. "उपकार? तुझ्यावर? अरे, तू उद्या गेलास तर मी पेढे नाही वाटणार, कारण तेवढाही खर्च मी तुझ्यावर करणार नाही." आणि त्याने रविवारचा हिशेब त्याला सांगितला. वाईट फळ्या कुणाकडे गेल्या तर कोण जातं, बेरीज वाढली नाही तर कोण जातं, सगळं बोटांवर मोजून. "मी माझं पोट वाचवतोय. त्यात तू वाचतोस, हा माझा नाइलाज आहे. मला काय हौस आहे?"

धाकटा ऐकत होता तसतसा त्याचा चेहरा सैल होत गेला. "असं होय," तो म्हणाला. "मग आधी सांगायचं. स्वार्थ असेल तर माझी हरकत नाही."

"आणि ऐक, डोक्यात काही हवा असेल तर काढून टाक. बारा वर्षं तुला गाठीच्या फळ्या पाठवल्या त्या तुझ्या हाताला मान म्हणून नाही. मिस्त्रीचा नियम गेला खड्ड्यात. तुझा जीव जावा म्हणून पाठवल्या. एकूण एक."

हे बोलून त्याला मोकळं वाटायला हवं होतं. धाकट्याने बाटलीचं झाकण लावलं.

"द्वेष होता ते ठाऊकच आहे. तेवढा मी खुळा नाही," तो म्हणाला. "पण साडूभाऊ, नुसत्या द्वेषाने फळ्या दिल्या असत्या तर कधीतरी असं लाकूड आलं असतं की ज्यातून काहीच निघत नाही. निव्वळ जळण. बारा वर्षांत एकदा नाही आलं. तुम्ही पाठवलेल्या प्रत्येक फळीत कुठेतरी वाट होती, आणि ती मलाच सापडेल अशी होती. चिडलेल्या माणसाचा नेम इतका बसत नाही. तेवढं बघून पाठवत होतात."

यावर थोरला आणखी भडकला. "उद्यापासून फळ्या हलवायच्या नाहीत. बस."

"नाही हलवणार. पण एक अट आहे. मी त्या दिवशी साहेबासमोर म्हणालो, मला जमतं म्हणून येतात. सगळे हसले. शनिवारी तेच तुम्ही म्हणायचं. सगळ्यांसमोर."

"जीभ झडली तरी म्हणणार नाही."

"मग मीही शनिवारपर्यंत गाठीच कापतो. दोघं मिळून जाऊ घरी. बायका बहिणी आहेत, सोबत होईल."

थोरल्याने दात खात अट मान्य केली आणि गुरुवारपासून तक्ता पालटला. धाकट्याची पेटी एकदम चौदावर आली. गप्पीची एक्कावन्न झाली, लांब्याची अठ्ठावन्न. गाठीवर पातं आदळून दोनदा तुटलं. लांब्याने सरळ मधोमध कापलेल्या फळीतून एकच पाय निघाला, तोही बाकाचा म्हणावा एवढा जाड ठेवून. गप्पीच्या गप्पा बंद पडल्या. शनिवारी दुपारी घड्याळवाल्याने पाचही जणांना, म्हणजे स्वतःला धरून, तक्त्यापुढे उभं केलं.

तो मूर्ख नव्हता. त्याने खडूने बुधवार आणि गुरुवारच्या मधे उभी रेघ मारली.

"इथे काय झालं?"

गप्पीने मान खाली घातली.

"फळ्या त्याच गाडीच्या. माणसं तीच. एका रात्रीत दोघांचे हात बिघडले आणि एकाचा सुधारला, असं मी वहीत लिहू का?" मग थोरल्याकडे वळून, "निवड बंद होती ना?"

थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं. धाकटा तक्त्याकडे बघत होता, अगदी निवांत, ऐकायला बसलेल्या पाहुण्यासारखा. नाही म्हणावं तर गुरुवारची रेघ उभी होती. हो म्हणावं तर कारण सांगावं लागणार.

"बंद नव्हती," थोरला म्हणाला. "मी देत होतो निवडूनच."

घड्याळवाला वखारीत गेला, दहा फळ्या ओढून आणल्या आणि जमिनीवर पसरल्या. "द्या निवडून."

थोरला वाकला. एकेक फळी टोकाला धरून उचलायची, बोटाने एकदा टिचकी, खाली ठेवायची. घड्याळ चालू होतं. अर्ध्या मिनिटात तीन ढीग झाले. दोन ढिगांत सरळ लाकूड, तिसऱ्यात तीन फळ्या, डोळ्यांसारख्या गाठींच्या.

"ह्या कुणाला?"

थोरल्याने हनुवटीने धाकट्याकडे दाखवलं.

"त्यालाच का?"

आता आलं. गप्पी कान टवकारून उभा. थोरल्याने घसा खाकरला.

"गप्पीला ह्यात गाठ दिसेल. लांब्याला गाठही दिसणार नाही," तो म्हणाला. "ह्याला गाठीच्या अलीकडचे दोन पाय आणि पलीकडची एक पट्टी दिसते." तो थांबला. धाकटा अजून वाट बघत होता. एवढ्यावर सोडणाऱ्यांतला तो नव्हता. "ह्याला जमतं म्हणून ह्याला देतो. कारखान्यात दुसऱ्या कुणाला जमत नाही. मलाही जमलं नव्हतं."

शेवटचं वाक्य अटीत नव्हतं. ते कसं बाहेर पडलं ते त्यालाच कळलं नाही, आणि त्याबद्दल तो पुढे कितीतरी दिवस स्वतःवर चिडून होता.

घड्याळवाल्याने लिहून घेतलं. मग मऊ आवाजात निकाल दिला. निवड राहणार, तीही कारखान्याचा नियम म्हणून. तिसरी करवत राहणार. करवती दोनच ठेवायच्या हे मात्र ठरलेलं. लांब्याने सोमवारपासून खुर्च्या कागदात गुंडाळायच्या, कमी पगारावर.

लांब्याने हातमोजे काढले, एकात एक घातले. "तुमच्या घरच्या भांडणात माझी करवत गेली," तो दोघांनाही उद्देशून म्हणाला. दोघांपैकी कुणीच त्याच्याकडे पाहिलं नाही. खोटं काही तो बोलला नव्हता.

"आणि एक राहिलं," घड्याळवाला म्हणाला. "वखारीपासून तिसऱ्या करवतीपर्यंत चाळीस पावलं आहेत. फळी नेताना चाळीस, परत येताना चाळीस. गिऱ्हाईक पावलांचे पैसे देत नाही."

सोमवारी सकाळी थोरल्याचं टेबल उचलून करवतीला लावलं गेलं. दोघांच्या कोपरांत वीतभर अंतर. त्या चाळीस पावलांनी बारा वर्षं किती मारामाऱ्या वाचवल्या होत्या ते वहीत कुठे लिहायची सोय नव्हती. थोरला फळी उचलायचा, टिचकी मारायचा, न बघता डावीकडे सरकवायचा. धाकटा न बघता घ्यायचा. एखादी फळी नकोशी झाली तर तो ती उलटी करून परत सरकवायचा, थोरला पुन्हा सुलटी करून त्याच्याकडे ढकलायचा, आणि शेवटी ती कापली जायची. आठ तासांत दोघांनी एकमेकांशी एक शब्द काढला नाही. सुट्टी झाल्यावर एकाने डावं दार धरलं, दुसऱ्याने उजवं.

घड्याळवाला चार दिवस त्यांच्या मागे उभा होता. बाकी टेबलांवर तासाला अकरा मिनिटं बोलण्यात जात होती. इथे शून्य. त्याने आकडा दोनदा तपासला, त्याखाली रेघ ओढली.

पुढच्या आठवड्यात तो वही घेऊन पॉलिशच्या खोलीत फिरत होता आणि एकेकाला बाजूला घेऊन मऊ आवाजात विचारत होता, इथे तुमचं कुणाशी अजिबात पटत नाही?